उजवं पान

ट्यूनिस, ६ फेब्रुवारी

मनूबीस,

हे पत्र वनीस नावाच्या त्रिपोलीच्या टॅक्सीवाल्याच्या हाती देतो आहे. तो पत्रं गाडीच्या पुढच्या काचेपाशी ठेवतो आणि मला धास्ती वाटते, वाटेत खिडकी उघडली की उडून जाईल. टपालाचा भरवसा नाही आणि फोनवर माझा आवाज ऐकलास की तू ठेवून देतोस. म्हणून हा खटाटोप. माझं अक्षर तुला ठाऊक आहे. चौथीनंतर त्यात काही सुधारणा झालेली नाही. लागलं नाही तर मब्रूकाकडून वाचून घे. तुझ्या बायकोचे डोळे चांगले आहेत.

मी भांडायला लिहीत नाही. एक बातमी आहे आणि ती आपल्या बाबांच्या खुणेची आहे, म्हणून तुलाच सांगितली पाहिजे.

चोर सापडला.

चिनी टोप्यांनी आपला बाजार कसा खाल्ला ते तू त्रिपोलीत बसूनही ऐकलं असशील. आपल्या ओळीतली किती दुकानं आता चपला विकतात. म्हणून मी कस्टमकडे अर्ज देऊन ठेवला होता, की देठावर दोन पानं ही खूण असलेली शेशिया टोपी कुठल्याही बंदरात, कुठल्याही सीमेवर दिसली, तर अडवा आणि मला बोलवा. खूण माझ्या नावावर नोंदलेली असल्यामुळे तो अर्ज मला देता आला. एकट्याच्या नावावर का नोंदली, हा विषय मी आज काढत नाही. दूजा म्हणते, तो विषय न काढता मला तुझ्याशी बोलताच येत नाही. पण ही म्हणजे माझी बायको. तिला माझं सगळंच चुकलेलं दिसतं.

तर लिबियाच्या सीमेवरून फोन आला. काळ्या टोप्यांचा माल अडवलाय, येऊन बघा. मी गुडघ्याला तेल लावून बसमध्ये बसलो. बेन गर्दान केवढं लांब आहे ते तुला सांगायला नको. वाटेत तीनदा वाटलं की घरी गॅस चालू राहिला असेल.

ठाण्यात एक बाई अधिकारी आहेत, मॅडम रफीका. वयाने आपल्या मुलीसारख्या, पण बोलणं सासूसारखं. म्हणाल्या, "काका, माल बघा. खोटा असेल तर तसं लिहून द्या, खरा असेल तर तसं. काहीच लिहिलं नाहीत तर मुदत संपली की आम्ही सोडून देऊ."

"माल कुणाचा?"

"ते आधी सांगायचं नाही असा नियम आहे. आधी माल, मग नाव. नाहीतर लोक नाव बघून माल ओळखतात."

मला हा नियम फार आवडला. मी तसं बोलूनही दाखवलं.

एक खोका फोडला. मी टोपी हातात घेतली, उलटी केली आणि बाबांनी शिकवलं तसा अंगठा फिरवला. तुला आठवतच असेल. अर्याणाच्या बायका विणून देतात ती टोपी पोत्याएवढी मोठी असते. खूण तेव्हाच शिवायची, कच्च्या टोपीत. मग ती बत्तानला जाते, गरम पाण्यात साबण लावून तुडवली जाते, आटून डोक्याएवढी होते, आणि त्या आटण्यात दोरा लोकरीत बुडतो. खऱ्या खुणेवर अंगठ्याला काही लागत नाही. चोर मात्र तयार टोपीवर शिवतो, त्याचा दोरा वर उभा राहतो.

आणि बाबांनी दोन पानं आपल्या दोघांत वाटून दिली होती ते आठवतं ना? उजवं माझं, डावं तुझं. माझा अंगठा अजून आपोआप माझ्या पानावर जातो. तो तिथे ठेवला आणि दोरा लागला. नव्या उशीवरच्या कशिद्यासारखा.

"खोटी," मी म्हटलं.

"नीट बघा, काका."

"मॅडम, तुमच्या आजोबांच्या डोक्यावर माझ्या हातची टोपी असेल."

"माझे आजोबा फेटा बांधायचे," त्या म्हणाल्या. दक्षिणेकडचे लोक असेच, दुसऱ्याला मोठं होऊ देत नाहीत.

मी सही केली. अरे, त्या चोराचा निर्लज्जपणा बघ, माझं पान टोकाशी जरा वाकडं यायचं, ज्यावरून बाबा माझे कान धरायचे, तो वाकडेपणासुद्धा त्याने उचललाय! कुठून तरी जुनी टोपी मिळवून समोर ठेवली असणार.

माल त्रिपोलीहून निघालेला आहे. म्हणजे तुझ्या नाकासमोरून गेला. तू काय करत होतास? नोंदणी माझ्या नावावर असली तरी बाप तुझाही होता.

एक गोष्ट मात्र खटकते आहे. टोपीला साबणाचा वास होता. आपल्यासारखा, जैतुनाच्या साबणाचा. चिनी टोपीला रॉकेलसारखा वास येतो. पण चोरही शिकत असतील. मालकाचं नाव कागदाने घरी येईल, असं मॅडम म्हणाल्या. आलं की कळवतो.

शादली


ट्यूनिस, १९ फेब्रुवारी

मनूबी,

कागद आला.

तो फ्रेंचमध्ये होता म्हणून शेजारच्या दुकानातल्या अलालाकडे नेला. त्याने चष्मा पुसला, वाचलं, पुन्हा चष्मा पुसला. मी म्हटलं, "अरे वाच ना, काच झिजवतोस का आता?"

तो म्हणाला, "शादली, बस जरा."

"मी बसलेलोच आहे."

"मालकाच्या जागी तुझं आडनाव आहे."

मला वाटलं, खुणेचा मालक म्हणून माझंच नाव लिहिलं असेल. सरकारी कागद, काहीही लिहितात. मग त्याने बोट ठेवून अक्षर अक्षर वाचलं. पुढे तुझं नाव होतं. त्याच्यापुढे त्रिपोलीतला तुझा पत्ता.

तू?

चिनी माल, तू? बाबांच्या खुणेखाली? मला दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर त्याच्या थोबाडीत मारली असती, मी स्वतः वाचून घेतलं म्हणून गप्प आहे. खूण माझ्या नावावर झाली म्हणून तू जेवणाच्या ताटावरून उठून गेलास. तेव्हा म्हणाला होतास, "दादा, ही खूण तू पेटीत घालून कुलूप लावलंस." तर मग तुला ती एवढीच प्यारी होती का, की ज्या टोपीला कुत्रं हुंगणार नाही तिच्यात ती शिवायची? मला विचारलं असतंस तर...

तर मी काय म्हटलं असतं ते मला माहीत नाही.

दूजा म्हणते, "आधी विचारा त्याला. मग बोला."

"विचारतोच आहे."

"हे विचारणं? शेजारची मांजरसुद्धा पळाली तुमच्या आवाजाने."

मॅडमना फोन केला. म्हणाल्या, खोटा माल ठरला की जाळतात, आणि मालकावर खटला होतो. मी विचारलं, सक्तीचा की साधा? त्यांना प्रश्न कळला नाही. मलाही नीट कळला नव्हता. मला एवढंच जाणून घ्यायचं होतं की तुला आत टाकतील का. "ते न्यायालय ठरवेल," म्हणाल्या.

नाव आधी कळलं असतं तर मी सही केली असती का? हे मी उठता बसता स्वतःला विचारतो. आणि उत्तर येण्याच्या आत मला तुझा पुन्हा राग येतो, ते एका अर्थी बरंच आहे.

चिनी माल, आणि त्याला साबण चोळून वास आणलास. शाबास.

शादली


ट्यूनिस, २७ फेब्रुवारी

प्रिय मनूबी,

आधीचं पत्र मिळालं असेल तर फाडून टाक. मिळालं नसेल तर उघडू नकोस. मी ते परत घ्यायला टॅक्सीच्या तळावर पळत गेलो होतो, म्हणजे माझ्या गुडघ्याला जमेल तसा. पण वनीस निघून गेला होता. तिथले पोरगे हसले. "आजोबा, प्रेमपत्र होतं काय?"

आज हाज मिलूद आला होता. दरवर्षीसारखा, माल घ्यायला नाही, कॉफी प्यायला. तुझ्याच गल्लीत राहतो म्हणून मी मुद्दामच विचारलं, "आमचे धाकटे कसे आहेत? चिनी धंदा बरा चाललाय ना?"

त्याने पेला खाली ठेवला. "शादली, तू म्हातारा झालास की आंधळा?"

"दोन्ही. का?"

"चिनी? तुझा भाऊ अंगणात बसून असतो. पुढ्यात कस्टमचा कागद, कागदावर तुझी सही. जेवत नाही. मब्रूका मला म्हणाली, हाज, त्यांच्या दादाला विचारा, आमचं काय चुकलं."

मग त्याने जे सांगितलं ते मी तुलाच परत काय सांगू? पण सांगतो, म्हणजे मला कळलंय हे तुला कळेल. की मब्रूका आणि तिच्या बहिणी विणतात. की तू त्यांना अर्याणाची वीण शिकवलीस. की बत्तानसारखी सोय तिथे नाही म्हणून तू हौदात उतरून टोप्या पायांनी तुडवतोस, या वयात, आणि मग चार दिवस पाय वर करून बसतोस. की साबण इथून मागवतोस. आणि कच्च्या टोपीत तू एकच पान शिवायचास. डावं.

मिलूद म्हणाला, "गिऱ्हाइकं विचारायची, मनूबी, खूण अर्धीच का? तो म्हणायचा, अर्धी माझी आहे, ती घातली. अर्धी दादाची आहे, ती तो घालेल."

मी म्हटलं, "हाज, मी तिथे बघितली ती टोपी. दोन पानं होती."

"असणारच. गेल्या ईदला मी इथेच बसून तुला विचारलं नव्हतं का? मनूबी पूर्ण खूण घालू का विचारतो. तू काय म्हणालास?"

मला आठवलं. मनूबी, मला लगेच आठवलं. मी म्हणालो होतो, "घाल म्हणावं. आजवर मला विचारून काय केलंय त्याने?" आणि पुढे आणखी दोन-चार गोष्टी, ज्या बाजारात बसून माणूस दुसऱ्यांनी ऐकाव्यात म्हणून बोलतो.

"हाज, तू त्याला काय सांगितलंस?"

"घाल म्हणावं, एवढंच."

"आणि पुढचं?"

"पुढचं मी सीमेवरच टाकून दिलं. दोन भावांतला निरोप नेणाऱ्याने अर्धाच न्यावा, चांगला अर्धा. बाकीच्यावर कस्टम लागतं."

आणि तो स्वतःच्याच विनोदावर हसला नाही.

तर तेवढ्या शब्दावर तू घरातल्या तयार टोप्यांची सगळी शिल्लक खाली काढलीस आणि प्रत्येक टोपीत माझं पान शिवलंस. मब्रूकाला हात लावू दिला नाहीस. तिथलं दुकान भाच्याच्या हवाली केलंस. माल पुढे पाठवलास आणि रमज़ानच्या आधी मागोमाग येऊन माझ्या दारात उभा राहणार होतास. मला आधी सांगायचं नाही, अशी मिलूदला शपथ घातली होतीस. तुझ्या ह्या सवयीपायी लहानपणी किती मार खाल्लास, तरी गेली नाही.

आणि मी माझ्या अंगठ्याने फक्त माझंच पान तपासलं. डाव्या पानावर अंगठा नेलाच नाही. तिथे नेला असता तर बत्तानची टोपी असो की तुझ्या हौदातली, मला कळलं असतं. पण मला माझंच पान बघायची सवय. दूजाला हे सांगितलं तेव्हा वाटलं, ती काहीतरी तिखट बोलेल. पण ती उठून माझी पिशवी भरायला लागली.

उद्या बेन गर्दानला जातो.

दादा


बेन गर्दान, ५ मार्च

मनूबी,

इथे ठाण्यासमोरच्या खानावळीत उतरलो आहे. मालक सज्जन आहे, पण हरिसाची चटणी इतकी तिखट घालतो की रात्रभर पोट बोलतं. वारा सारखा, आणि सगळीकडे वाळू. कागदावर दिसते आहे ती वाळूच, घाण नव्हे.

मॅडमकडे गेलो. सगळं सांगितलं. त्यांनी मधे तोडलं नाही. शेवटी म्हणाल्या, "काका, गेल्या वेळी माल खोटा म्हणालात. आता खरा म्हणता. तुमच्या कोणत्या सहीवर विश्वास ठेवू?"

"दुसऱ्या."

"पहिली केलीत तेव्हा मालकाचं नाव तुम्हाला माहीत नव्हतं. दुसरी करता आहात तेव्हा माहीत आहे. आमचा नियम नेमका यासाठीच आहे."

हाच तो नियम, मला आवडलेला.

मी म्हटलं, टोपी परत दाखवा. त्यांनी आणवली. मी डाव्या पानावर अंगठा ठेवला आणि मनूबी, काही लागलं नाही. नुसती लोकर. मी मॅडमचा हात धरायला गेलो, त्यांनी तो झटकन मागे घेतला, मग स्वतःच अंगठा ठेवून पाहिला. आधी डावीकडे, मग उजवीकडे.

"हे बुडलेलं आहे, हे वर आहे," त्या म्हणाल्या. "म्हणजे अर्धी खूण खरी आणि अर्धी खोटी?"

"म्हणजे डावं पान माझ्या भावाचं, उजवं माझं."

"तुमचं? तुम्ही शिवलंत?"

आता हो म्हणायचं, एवढंच होतं. खोटं बोलायची ती एक जागा होती आणि तिथे नेमका मी खरं बोललो. "नाही," म्हटलं.

"मग ते खोटंच की, काका."

मला त्यांच्यावर रागावता आलं नाही. त्या बरोबर बोलत होत्या. बाबा असते तर तेही तेच म्हणाले असते, ज्याचं पान त्याने शिवायचं.

मी बाकावर बसून राहिलो. जायला उठवेना. कामावरचा शिपाई येऊन विचारून गेला, "काका, चक्कर आली का?" मी म्हटलं, "नाही, लाज आली." त्याने पाणी आणून दिलं, दोन्हीवर तोच उपाय असल्यासारखं.

दुपारी मॅडमनी परत आत बोलावलं. साहेबांशी बोलणं झालं होतं. खटला पुढे जायच्या आत तडजोड होऊ शकते, खुणेच्या मालकाने, म्हणजे मी, लिहून दिलं तर. पण नोंदलेली खूण मालावर उरता कामा नये. "खूण काढा," म्हणाल्या. "खूण नसली की ती नुसती टोपी. नुसत्या टोपीवर आमचा काही हक्क नाही."

मी म्हटलं, "बुडालेलं पान निघत नाही, मॅडम. काढायला गेलं तर टोपी फाटेल."

त्यांनी फाईलमधून नोंदणीचं चित्र काढलं. देठ, दोन पानं. माझी सही, एकट्याची. त्यांनी चित्रावरचं उजवं पान तळहाताने झाकलं आणि उरलेल्या पानावर बोट ठेवलं.

"एका पानाची नोंद कुणाच्या नावावर आहे?"

"कुणाच्याच नाही."

"मग मला तिच्याबद्दल काही म्हणायचं नाही."

मनूबी, मी त्या बाईला सासू म्हटलं होतं. ते शब्द मागे घेतो.

उद्यापासून माझं पान उसवायला बसायचं आहे. गोदामात खुर्ची देतो म्हणालेत.

दादा


बेन गर्दान, ९ मार्च

प्रिय मनूबी,

झालं. शेवटची टोपी आज दुपारी उसवली.

शिपाई पहिल्या दिवशी म्हणाला, "काका, इथे लोक खुणा लपवायला येतात. उसवायला आलेले तुम्ही पहिलेच." दुसऱ्या दिवशी तो शेजारी बसून खोके उघडून द्यायला लागला. त्याचा बाप फार चिडका होता आणि गेल्यावर फार आठवतो, असं बरंच काही त्याने सांगितलं. गोदामात बाजूलाच खोट्या अत्तरांचा, खोट्या घड्याळांचा ढीग आहे. त्या सगळ्या मालाच्या मधोमध बसून मी स्वतःचं पान उसवत होतो. मला कुणी पाहिलं असतं तर मलाच चोर समजलं असतं.

दुसऱ्याची शिवण उसवताना हात कसा चालला होता ते दिसतं, हे तुला ठाऊक आहे. मला तुझा हात दिसत होता. तू तुझ्यासारखं शिवलं नव्हतंस. तुझा टाका बारीक, सरळ, बाबांना आवडायचा तसा. हा माझा टाका होता, लांब, घाईचा. आणि टोकाशी वाकडा. मला वाटलं होतं, कुण्या चोराने जुनी टोपी समोर ठेवून नक्कल केली. तुझ्यासमोर काहीही नव्हतं, तुझ्या आठवणीतच होता तो वाकडेपणा. एकाही टोपीत तू तो चुकवला नाहीस. एका टोपीत पान सरळ आलं होतं, ते तू उसवून पुन्हा वाकडं शिवलेलं दिसलं. त्या टोपीपाशी मी बराच वेळ थांबलो. शिपायाने विचारलं, "काका, अडलं का?" मी म्हटलं, "डोळ्यात लोकर गेली."

माझ्या पानाची अशी नक्कल माझ्या मुलानेही केली नसती. आणि मी तिला खोटी म्हणून सही दिली. सही खरी आहे, तेच वाईट आहे.

बाबांनी दोघांना एकेक पान का दिलं, हे मी कधी विचारलं नाही. मला वाटायचं, भांडू नये म्हणून. आता वाटतं, एकाने दुसऱ्याशिवाय दुकान चालवू नये म्हणून असेल. की नुसतं काम लवकर उरकावं म्हणून? तू धाकटा, तुझ्याशी ते जास्त बोलायचे. तुला माहीत असेल.

आता कामाचं बोलतो, नीट वाच.

मॅडमनी एकेक खोका तपासला. चित्राशी ताडून पाहिला. उजवीकडे टाक्यांची भोकं आहेत, डावीकडे पान आहे. त्यांनी शिक्का मारला. तक्रार मी मागे घेतली आहे, अर्जही रद्द केला. तडजोडीवर माझी सही झाली. पण माल माझ्या हातात देत नाहीत. मी तो घेतो म्हटलं तर म्हणाल्या, "काका, तुम्ही खुणेचे मालक होतात, टोप्यांचे नाही. टोप्यांच्या मालकाने स्वतः यायला पाहिजे." रमज़ान लागायच्या आत आला नाहीस तर माल लिलावात जाईल. तुझ्या टोप्या कुठल्या तरी किराणावाल्याने घेऊन पोत्यात भराव्यात हे मला बघवणार नाही.

म्हणून ये. माझ्यासाठी नको येऊस, टोप्यांसाठी ये. मला बघायचं नसेल तर सांग, मी खानावळीत आत बसून राहीन, तू माल घेऊन नीघ. कुठे न्यायचा ते तुझं तू ठरव. ट्यूनिसला नेलास तर दुकानाची डावी फळी मोकळी करून घ्यायला दूजाला सांगितलं आहे. तिने ती मी विचारायच्या आधीच केली होती.

नोंदणीत दुसरं नाव घालता येतं का, तेही विचारलं. येतं. पण दोघांनी एकदम जावं लागतं, एकट्याने भागत नाही. आधीच असा नियम असता तर बरं झालं असतं.

हे पत्र वनीसकडे देतो आहे आणि या वेळी त्याला ते सदऱ्याच्या आत ठेवायला लावणार आहे. तो म्हणाला, मागची सगळी पत्रं तुझ्या दारात टाकली, पण दार कुणी उघडलं नाही. या वेळी दार उघडेपर्यंत उभा राहा, असं बजावलंय.

नमुना म्हणून काढलेली ती पहिली टोपी मॅडमनी मला ठेवू दिली. बाकावर बसलो की ती हातात असते. अंगठा अजून आधी उजवीकडेच जातो. तिथे आता नुसती भोकं लागतात. मग मी तो डावीकडे नेतो. तिथे दोरा कुठे संपतो आणि लोकर कुठे सुरू होते ते माझ्या अंगठ्यालासुद्धा सांगता येत नाही.

सुई आणि लाल दोरा पिशवीत आहे. तू म्हणशील तर शिवीन, नाही म्हणशील तर नाही.

येताना ओळखपत्र आण, मूळ आण, नक्कल चालत नाही. आणि गळ्याला काहीतरी गुंडाळून ये, इथे वारा फार आहे.

तुझा दादा